आयोडीन विसरलेली पेशी

मालवणच्या माणसाला पंधरा दिवस मासे सोडायला सांगणं म्हणजे काय, हे मालवणकरच जाणे. श्रावण वेगळा, तो मनाने पाळला जातो. पण थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं ठरलं, की बांगडा, सुरमई, सुंगटं, तिसऱ्या सगळं बंद, आयोडीनयुक्त मीठसुद्धा. थायरॉइडच्या पेशी आयोडीनसाठी उपाशी राहिल्या पाहिजेत. मग औषध पोटात गेलं, की त्या ते अधाशासारखं ओढून घेतात आणि त्याच्याच किरणांनी मरतात.

ग्रंथी कापून काढल्यावरही फुप्फुसांत किंवा हाडांत जाऊन बसलेल्या पेशींना ही भूक पुष्कळदा आठवते. आयोडीन-१३१ चे बीटा कण जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत पोचतात, म्हणून शेजारच्या निरोगी भागाला फारशी झळ लागत नाही. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं. अमेरिकेत सायडलिन या डॉक्टरांनी १९४६ मध्ये शरीरभर पसरलेल्या रोगावरच्या या उपायाची नोंद प्रसिद्ध केली. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं, हा उपचार देणारं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये सुरू झालं. मालवणजवळच्या कुडाळहून रात्री कोकणकन्या एक्सप्रेसमध्ये बसलं, की सकाळी मुंबई.

मेंदूत मात्र हा हिशेब चुकतो. थायरॉइडच्या नेहमीच्या कर्करोगात शंभरांतल्या साधारण एकाच रुग्णाच्या मेंदूत गाठ होते, पण तिथल्या पेशी बहुधा आयोडीन घेणं विसरलेल्या असतात. आणि विसरल्या नसल्या तरी धोका आहेच. उपचाराआधी थायरॉइडची गोळी थांबवून टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या पेशींना चालना देणारं संप्रेरक, वाढवतात. त्याने गाठ फुगू शकते, आणि कवटीत फुगायला जागा नसते. म्हणून आधी एमआरआय, मग शस्त्रक्रिया किंवा नेमक्या गाठीवर किरण, सोबत सूज उतरवणारं स्टेरॉइड. आयोडीनचा विचार त्यानंतर. हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'थायरॉइडचा कॅन्सर सौम्य असतो' हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे, पण तेवढ्यावर विसंबून सकाळची डोकेदुखी, उलटी, हाताचा अशक्तपणा किंवा आकडी पित्तावर ढकलू नये.

विसरलेल्या पेशींना आठवण करून देता येईल का? न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी सेल्युमेटिनिब हे औषध देऊन पाहिलं. २०१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: तपासलेल्या २० रुग्णांपैकी १२ जणांच्या गाठी पुन्हा जास्त आयोडीन ओढू लागल्या. त्यांतल्या आठ जणांना मग किरणोत्सारी आयोडीन देता आलं.