ओहोटीतला वर्ग

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे रॉबर्ट पेन १९६३ साली पॅसिफिकच्या काठावरच्या मक्कॉ बेमध्ये खडकांवरचे तारामासे उपटू लागले. पट्टा जेमतेम आठ मीटर लांब. तारामासा दिसला की उचलायचा आणि समुद्रात भिरकावायचा. शिंपल्यांना खाणारंच कुणी उरलं नाही, तेव्हा शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली. त्या पट्ट्यावर आधी १५ जाती होत्या, त्यांतल्या ८ राहिल्या.

हे वाचल्यापासून ‘१५ च्या ८’ डोक्यातून जाईना. आपल्याकडे हे कसं शिकवतात ते पाहायचं होतं. म्हणून सागरी परिसंस्था शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेबरोबर, त्यांच्या एमएस्सीच्या मुलांसोबत वांद्र्याच्या खडकांवर गेले.

या वर्गाची वेळ चंद्र ठरवतो. अमावास्येच्या उधाणात मुंबईचं पाणी सकाळी सहा-सातच्या सुमारास पार खाली जातं आणि थोड्याच वेळात परत फिरतं. मुलांनी वरून पाण्यापर्यंत दोरी टाकली, ठरलेल्या अंतरावर अर्ध्या मीटरची प्लास्टिकच्या नळ्यांची चौकट ठेवली आणि आतलं जे दिसेल ते मोजायला घेतलं.

शेवाळ, कालवं आणि सांडपाणी यांचा मिळून एक उग्र वास होता. एका मुलीने नाकाला रुमाल लावला. मॅडम म्हणाल्या, “वासही वहीत लिही. नाल्यापासून किती पावलांवर येतो, तेही लिही.” पुढे दिवसभर तो वास कपड्यांना होता, आणि ते वाक्यही माझ्याबरोबर होतं.

दोरीच्या बाजूने खाली उतरताना खडकाचे मजले दिसू लागतात. सर्वांत वर, भेगांमध्ये दाटीने बसलेल्या बारीक गोगलगायी. त्याखाली बार्नकल, मग कालवांचा धारदार पट्टा, आणि पाण्याजवळ झोअँथिड या प्राण्यांचे मऊ गालिचे. वर कोण राहणार हे बऱ्याच अंशी ऊन आणि कोरडेपणा ठरवतात. खाली कोण टिकणार हे शिकारी आणि जागेची भांडणं. एका रिकाम्या कालवावर सुईने पाडावं तसं गोल भोक होतं. शिकारी गोगलगाय ते पोखरून आतलं मांस खाते. मुलं त्या भोकावर बोट फिरवत राहिली.

शेजारीच एक कोळीण कालवं फोडत होती. मॅडमनी मुलांना तिच्याकडे पाठवलं. “वरची बारीक, खालची भरलेली,” मावशी म्हणाल्या, “आणि भांगाला येऊ नका, पाणी हटत नाही.” भांग म्हणजे उधाण नसलेले दिवस. खालच्या कालवांना पाण्यात जास्त वेळ मिळतो, म्हणजे खायलाही जास्त वेळ मिळतो. मॅडमनी त्यांचं म्हणणं नोंदवहीत लिहायला लावलं.

एका मुलाने दगड उलटला. खाली नाजूक हातांचे ब्रिटल स्टार होते. सगळे वाकले, फोटो निघाले, सगळे पुढे गेले. मॅडम मागे फिरल्या आणि दगड होता तसा, त्याच बाजूने, हळूच बसवला. “खालच्याला ऊन सोसत नाही, वरच्याला अंधार. उलटा राहिला तर दोन्ही बाजू मरतात.” मोजणीइतकंच हे शिकवणं मला मोलाचं वाटतं.

याच खडकांवर त्या वर्षानुवर्षं येतात. पेनसारखा एखादा ठळक निष्कर्ष हाती लागलेला नाही. याद्या मात्र वाढत आहेत. प्रकल्पाचे पैसे तीन वर्षांपुरते मिळतात, किनारा बदलायला दशकं लागतात. पेनही मक्कॉ बेजवळच्या टाटूश बेटावर अनेक दशकं जात राहिले. मुंबईत २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीजवळची प्रवाळं हलवावी लागली. भराव पडणार, नाले वाहणार, बांध उभे राहणार. पण आधीची १५ कुणी लिहूनच ठेवली नसतील, तर ८ उरल्याचं कळणार कसं?

या मोजणीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दोरी, चौकट, वही आणि दर वर्षी त्याच जागी येणारी माणसं पुरतात. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर कॉलेजं आहेत. प्रत्येकाने आपली एक खडप ठरवावी, दर वर्षी मोजावी आणि वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. विद्यापीठांनीही या कामाला कायमचा निधी द्यावा.