शाळेतील हवा : शिक्षणहक्काचा न मोजलेला निकष

केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाच्या स्वच्छ वायु सर्वेक्षणात दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांच्या गटात जबलपूरने २०२४ मध्ये दुसरा क्रमांक मिळविला आणि २०२५ मध्ये तो कायम राखला. रस्त्यावरील धूळ, वाहनांचा व उद्योगांचा धूर, कचरा जाळण्यावरील नियंत्रण, बांधकामाचा राडारोडा, जनजागृती आणि पीएम १० कणांच्या प्रमाणात झालेली घट अशा निकषांवर हे मूल्यमापन होते. मध्य भारतातील एका शहराने मिळविलेले हे यश निश्चितच उल्लेखनीय आहे. मात्र हे सर्व निकष बाहेरील हवेचे आहेत. शहरातील मुले दिवसाचा मोठा भाग ज्या वर्गखोल्यांत घालवितात, तेथील हवेची नोंद त्यांत होत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० आणि सहावी ते आठवीसाठी १,००० अध्यापन-तास बंधनकारक आहेत. म्हणजेच प्राथमिक शिक्षणाच्या आठ वर्षांत प्रत्येक मूल किमान ७,००० तास शिकण्यात घालविते आणि त्यांतील बहुतेक तास वर्गाच्या चार भिंतींत जातात. प्रौढांच्या तुलनेत मुले शरीराच्या वजनाच्या प्रमाणात अधिक हवा आत घेतात आणि त्यांच्या फुप्फुसांची वाढ पूर्ण झालेली नसते. म्हणून शाळेतील हवेचा प्रश्न आरोग्याचा आहे, तसाच शिक्षणाच्या गुणवत्तेचाही आहे.

वर्गातील हवा कशी बिघडते?

शाळेतील हवा दोन प्रकारे बिघडते. पहिला प्रकार कोंडलेल्या हवेचा. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद व तीन मीटर उंच वर्गखोलीत ४० मुले बसली आहेत, असे गृहीत धरू. एक मूल तासाला साधारण १५ लिटर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे सोडते. दारे-खिडक्या पूर्ण बंद असतील, तर ४० मिनिटांच्या एका तासिकेत या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत ४,००० भागांच्या वर जाईल. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच १,००० भाग ही चांगल्या हवेची मर्यादा सुचविली होती. ती पाळायची तर या खोलीतील हवा तासाला सुमारे दहा वेळा बदलली पाहिजे. या पातळीवर कार्बन डायऑक्साइड विषारी नसतो. परंतु मुले एकमेकांचा उच्छ्वास पुन्हा आत घेत आहेत, याचा तो विश्वासार्ह निर्देशक आहे. अशा हवेत सुस्ती येते, लक्ष विचलित होते आणि श्वसनमार्गाचे संसर्ग वेगाने पसरतात.

दुसरा प्रकार कणांचा व धुराचा. खडूची भुकटी, कोरड्या झाडूने उडणारी धूळ, ओलसर भिंतींवरील बुरशी, नव्या रंगातील बाष्पशील रसायने, डास पळविण्याच्या अगरबत्त्या आणि माध्यान्ह भोजनाच्या चुलीचा धूर हे त्याचे नेहमीचे स्रोत होत.

ग्वारीघाट : खिडकी उघडावी की मिटावी?

नर्मदेच्या उत्तर तीरावरील ग्वारीघाट हे जबलपूरचे श्रद्धास्थान. रोजची सायंआरती, दीपदान, नर्मदा जयंती व कार्तिकी पौर्णिमेची गर्दी यांमुळे घाटाकडे येणारा रस्ता वाहता असतो. अशा रस्त्यालगतच्या वर्गखोलीपुढे एक पेच उभा राहतो. खिडकी मिटली तर हवा कोंडते. उघडली तर धूळ व वाहनांचा धूर आत येतो.

या पेचाचे उत्तर वेळेच्या विचारात आहे. आरतीच्या वेळी शाळा सुटलेली असते. तेव्हा घाटावरील धूप-दिव्यांचा धूर हा वर्गाच्या हवेचा मुख्य प्रश्न नव्हे. हिवाळ्यातील सकाळ मात्र अधिक अडचणीची असते. जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते, तिच्यात धूर साचतो आणि नेमकी तीच शाळा भरण्याची व वाहनांच्या वर्दळीची वेळ असते. म्हणून पहिल्या तासिकेला अंगणाकडील खिडक्या उघडणे, ऊन वाढल्यावर समोरासमोरील खिडक्या उघडून आरपार वारा खेळविणे आणि प्रत्येक तासिकेनंतर वर्ग काही मिनिटे मोकळा करणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

कायद्याची चौकट

सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य (१९९१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त हवा व पाणी हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार (२००९) या निकालात शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही अंतर्भूत असल्याचे स्पष्ट झाले. त्या याचिकेमागे २००४ मधील कुंभकोणम येथील शाळेची आग होती.

तथापि प्रत्यक्ष निकषांत उणीव दिसते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण व कुंपण आहे. हवेचा उल्लेख नाही. २००९ ची राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानके पीएम २.५ साठी वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा घालतात, पण ती बाह्य हवेसाठी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ मायक्रोग्रॅम सुचविली. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात बंदिस्त जागेतील प्रदूषणासाठी मार्गदर्शक तत्त्वांचा उल्लेख झाला. परंतु कार्यक्रमाची उद्दिष्टे शहरांच्या बाह्य हवेशीच बांधलेली राहिली.

अर्थशास्त्राची बाजू

वर्गातील हवा ही सामाईक वस्तू आहे. एका पालकाने स्वतःच्या पाल्यापुरती ती विकत घेता येत नाही आणि मुलाला ती निवडता येत नाही. बिघडलेल्या हवेची किंमत मात्र गैरहजेरी, औषधोपचार आणि कमी झालेले अध्ययन या रूपाने कुटुंब व समाज चुकवितो. अशा ठिकाणी सार्वजनिक गुंतवणूक समर्थनीय ठरते. खाजगी शाळा शुद्धीकरण यंत्रे बसवू शकतील, सरकारी शाळेतील मूल मात्र तसेच राहील. म्हणून हा समतेचाही प्रश्न आहे.

काय करता येईल?

जे मोजले जाते त्यालाच निधी मिळतो, हा प्रशासनाचा अनुभव आहे. २०१४ मध्ये प्रत्येक सरकारी शाळेत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहाचे उद्दिष्ट एका वर्षाच्या मुदतीने जाहीर झाले, तेव्हा यंत्रणा हलली. हवेबाबतही यू-डायस प्लसच्या माहितीत समोरासमोर खिडक्या आहेत का, स्वयंपाकाचे इंधन कोणते, कार्बन डायऑक्साइडचे मापन होते का, अशा मोजक्या नोंदींची भर घालता येईल.

निधीचा मार्गही उपलब्ध आहे. समग्र शिक्षा अभियानातील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार १०,००० ते १ लाख रुपये असून त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखीव असते. मापनाचे साधे उपकरण काही हजार रुपयांत मिळते. केंद्रशाळेने एक घेऊन परिसरातील शाळांत फिरविले तरी पुरेल. माध्यान्ह भोजनाच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वर्गापासून वेगळे स्वयंपाकघर, धूरविरहित चूल आणि शक्यतो लाकूडफाटा टाळणे हे सांगितले आहे. त्याच्या काटेकोर पालनाने मुलांबरोबर स्वयंपाक करणाऱ्या महिलांनाही दिलासा मिळेल. ओल्या फडक्याने फळा व फरशी पुसणे, शाळा सुटल्यावर झाडणे आणि पालापाचोळा न जाळता त्याचे खत करणे यांस खर्च जवळपास नाहीच.

इतर देशांनी ही दिशा स्वीकारली आहे. फ्रान्सने २०१० च्या कायद्याने शाळांतील हवेची देखरेख बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. कोविड काळात इंग्लंडच्या शिक्षण विभागाने सरकारी शाळांना सुमारे तीन लाख मापके पुरविली. बाहेरील हवेसाठी राष्ट्रीय पातळीवर गौरविल्या गेलेल्या जबलपूरसारख्या शहराकडे यंत्रणा व अनुभव दोन्ही आहेत. ग्वारीघाटसारख्या परिसरातील शाळांपासून वर्गातील हवेच्या मापनाचा प्रारंभ झाला, तर पाणी व स्वच्छतागृहांप्रमाणे हवेलाही शाळेच्या मूलभूत सुविधांत स्थान मिळू शकेल.