तळहातावरची कोळशाची वाघीण

डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राचा कोळसा रेल्वेने येतो. त्यामुळे डहाणूतल्याच मसोलीतल्या मॉडेल-छंदिष्टाला नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. उघडी, उंच भिंतींची बॉक्सएन वाघीण सुमारे १०.७ मीटर लांब असते; १:८७ या एचओ प्रमाणात ती जेमतेम १२ सेंटिमीटर भरते.

अडचण रुळांची. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात १९.३, बाजारातले एचओ रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे. रूळ तेच ठेवून डबा मापात बांधणं उत्तम. छोट्या गाड्या धावताना पाहायच्या असतील, तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ मध्ये सुरू केलेलं संग्रहालय गाठावंच!

खरं कौशल्य लागतं वाघीण जुनी दिसायला. तांबूस तपकिरी रंगावर मॅट वार्निश द्यावं, मग पातळ काळपट रंग फासून लगेच पुसावा; खाचांत तो उरतो. कोळसा आतला रंग खरवडतो, म्हणून तिथे गंज जास्त. ओघळ नेहमी वरून खाली ओढावेत. चाकांजवळ ब्रेकची तांबूस धूळ दाखवायला खडूची पूड कोरड्या ब्रशने लावावी.

शेवटी पुन्हा मॅट वार्निशचा हलका फवारा, नाहीतर पूड बोटांना लागते.