हॅम रेडिओवरून इंटरनेट? कुलूप न लावता!
मागच्या भागानंतर एकाने विचारलं, अमेरिकेत हॅम लायसन्स काढलं तर मित्राच्या घरी रेडिओवरून इंटरनेट देता येईल का? तांत्रिकदृष्ट्या हो. २.४ गिगाहर्ट्‌झ वायफायचा खालचा भाग हॅम पट्ट्यातच येतो, आणि लायसन्सवाल्याला तिथे जास्त पॉवर वापरता येते. गोची नियमांत आहे. एफसीसीच्या भाग ९७ नुसार अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक केलेला मजकूर पाठवता येत नाही. म्हणजे एचटीटीपीएस गेलं. बँक, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप, सगळं गेलं! ऑफिसचं कामही नाही. गंमत म्हणजे तोच राउटर भाग १५ खाली, कमी पॉवरवर, विनालायसन्स लावला की हे सगळं चालतं. साधा, उघडा ईमेल मात्र हॅमवरून जातो. वादळात फोन बंद पडले की तोच कामी येतो. मला हा नियम पटतो. पट्ट्यावर लक्ष मुख्यतः हॅम मंडळीच ठेवतात, आणि कुलूपबंद मजकूर ऐकून त्यांना काय कळणार?