अमोनियाला झाडांची आडकाठी

अलिबागजवळ थळच्या आरसीएफ खत कारखान्यात अमोनियापासून युरिया बनतो. हा युरिया खाचरातल्या पाण्यावर फेकला की त्यातला बराचसा नत्र पुन्हा अमोनिया होऊन उडतो आणि हवेतल्या आम्लांशी मिळून फुप्फुसात शिरणारे सूक्ष्म कण बनवतो. कोंबड्यांच्या शेडमधूनही हाच उग्र वायू सुटतो. तिथे झाडे खरोखर उपयोगी पडतात: पाने अमोनिया शोषतात, शेंडे वारा घुसळून तो पातळ करतात. मात्र शेडकडच्या बाजूला बुंधे मोकळे हवेत, म्हणजे हवा आत शिरते. पलीकडे दाट झुडपे हवीत. ब्रिटनमधल्या संशोधकांनी हीच रचना सुचवली आहे. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येचा, म्हणून रांग शेडच्या ईशान्येला लावावी. भातखाचरासाठी मात्र मला भातलागवडीची चारसूत्री पद्धत अधिक पटते: तिच्यात खताच्या ब्रिकेट गोळ्या चिखलात खोचल्या की नत्र मुळांपाशीच राहतो.