दीर्घिकांमधला फुफाटा

मे महिन्यात अकोल्याच्या आकाशावर धुळीचा मळकट थर असतो. आकाशगंगा बघायची तर अमावास्या धरून चिखलदरा गाठावा. खालचा फुफाटा बराचसा खालीच राहतो. मध्यरात्र उलटली की पूर्वेला हंसापासून धनूपर्यंत दुधाळ पट्टा दिसतो आणि त्यात मधोमध काळी भेग. तिथे तारे नाहीत असं वाटतं. आहेत, पण धुळीआड. ही धूळ मात्र कितीही उंच चढलं तरी सुटत नाही. आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो.

सिलिकेट आणि कार्बनचे हे कण बहुतेक मायक्रॉनहूनही बारीक. म्हाताऱ्या ताऱ्यांनी आणि अतिनवताऱ्यांनी उधळलेले. ते निळा, अतिनील प्रकाश जास्त गिळतात, लाल कमी. पंचाईत इथेच आहे. नवे वजनदार तारे अतिनील प्रकाशातच झळकतात आणि जन्मतात ऐन धुळीत. त्यामुळे तारे जोमात जन्मणारी दीर्घिका मंद, लालसर दिसते. म्हातारी दीर्घिकाही लाल, आणि फार दूरचीही लालच.

या घोळात भलेभले फसतात. २०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत ‘सीअर्स-९३३१६’ ही दीर्घिका महास्फोटानंतर २५ कोटी वर्षांच्या आतली वाटली. केवढा गाजावाजा झाला! २०२३ मध्ये वर्णपट घेतला, तेव्हा ती सुमारे १२० कोटी वर्षांनंतरची निघाली. धूळ आणि तप्त वायूच्या ठळक रेषा, दोघींनी मिळून चकवलं होतं.

धूळ मोजायची एक युक्ती आहे. हायड्रोजनच्या लाल आणि निळसर रेषांच्या तेजाचं गुणोत्तर धूळ नसेल तर साधारण २.८६ भरतं. ४ भरलं, तर निळा प्रकाश वाटेत गिळला गेला. पण जिथून लालही बाहेर पडत नाही, तिथे हा हिशेब तोकडा पडतो. मग धुळीचीच ऊब मोजायची, दूरच्या अवरक्त किरणांत. ‘ऊब’ म्हणजे उणे २४० अंशांच्या आसपास!

दुसरी वाट नारायणगावजवळच्या खोडदला. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या ज्या लांबलचक रेडिओ लहरी टिपतात, त्यांना धूळ जाणवतही नाही. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेतील आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संदेश एकत्र करून त्यांतला हायड्रोजन मोजला. ताऱ्यांच्या जन्माचा वेगही रेडिओवरूनच काढला. त्या वेगाने हायड्रोजनचं हे इंधन शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपलं असतं. अर्थात रेडिओचीही एक खोड आहे: दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवरही त्याच लहरींत बोलतं, म्हणून अशा दीर्घिका आधी निवडून बाजूला काढाव्या लागतात.