मुलांचे सपाट तळवे

मूल न्हाणीघरांतून ओल्या पायांनीं बाहेर आलें, कीं वडील मंडळींची दृष्टि फरशीवरील त्याच्या ठशांकडे जाते. गौरी आणतांना आपण रांगोळीचीं पावलें काढतों, त्यांना आंतल्या बाजूस सुरेख खांच असते. मुलाचा ठसा मात्र सरसकट सपाट उमटतो. मग 'फताडे पाय' हें नांव पडतें, आणि मुलगी असल्यास अवलक्षणाची कुजबूज कांहीं घरांत अजूनही तिची पाठ सोडीत नाहीं. ह्या चिंतेंत तथ्य किती, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तान्ह्या मुलाचा तळवा सपाटच दिसतो. कमानीच्या जागीं चरबीची गादी असते व सांध्यांना बांधून ठेवणारे बंध सैल असतात. वाढत्या वयाबरोबर कमान आकारास येते. ऑस्ट्रियांतील ८३५ मुलांच्या तपासणीचा निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाला. तींत तीन वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ५४ जणांचे तळवे सपाट आढळले. सहा वर्षांच्या मुलांत तें प्रमाण २४ च होतें. तात्पर्य, बहुतेक ठिकाणीं काळ हाच वैद्य होय.

धाराशिव जिल्ह्यांतील वाचकांना अनवाणी चालणें नवीन नाहीं. आश्विनांत सोलापुराहून तुळजापुराकडे पायीं जाणाऱ्या भक्तांत अनेक जण अनवाणी असतात, हें तेथील आबालवृद्ध दरसाल पाहतात. भक्तीची गोष्ट निराळी; परंतु मुलांच्या पायांना मातीचा स्पर्श हितकर असावा, असें शास्त्रीय पाहणीवरूनही दिसतें. राव व जोसेफ ह्या डॉक्टरांनीं दक्षिण भारतांतील २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ सालीं निष्कर्ष मांडले. पादत्राणें वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचें प्रमाण शेंकडा ८.६ होतें, न वापरणाऱ्यांत केवळ २.८. पुढून बंद असलेल्या बुटांत तें सर्वांत अधिक होतें. म्हणून घरांत व अंगणांत मुलांना अनवाणी खेळूं द्यावें. काटे, कांचा व वैशाखांतील तापलेली जमीन ह्यांपासून रक्षणापुरत्या सैल चपला द्याव्या.

घरच्या घरीं एक परीक्षा करतां येते. मुलाला चवड्यांवर उभें करून मागून पाहावें. कमान उमटली व टाच किंचित् आंत वळली, तर तळवा लवचिक समजावा. दुखत नसेल, तर अशा पायाला उपचार लागत नाहीं. कमान घडविण्याच्या आशेनें महागडे बूट घेणाऱ्या पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें, कीं अमेरिकेंत तीन वर्षें चाललेल्या व १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, असे बूट घातलेल्या मुलांची कमान इतरांहून अधिक सुधारली नाहीं.

मात्र कांहीं लक्षणांकडे दुर्लक्ष करूं नये. चवड्यांवर उभें राहूनही कमान न दिसणें, पाऊल ताठर असणें, एकाच पायांत दोष असणें, चालतांना वा खेळतांना दुखणें, उकिडवें बसतां टाचा जमिनीस न टेकणें, ह्यांपैकीं कांहीं आढळल्यास अस्थिरोगतज्ज्ञांस दाखवावें. कधीं पावलांतील दोन हाडें जन्मतः जुळलेलीं असतात, कधीं पोटरीचा स्नायु आंखूड असतो. पोटरीला ताण देणारा व्यायाम, बुटांतील मऊ आधार, ह्यांनीं पुष्कळदां वेदना शमते. शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते.

राहतां राहिला अवलक्षणाचा प्रश्न. तळव्याची ठेवण पुष्कळदां आईबापांकडूनच आलेली असते. तींत नशिबाचा लेख शोधणें व्यर्थ होय. न दुखणाऱ्या पायापेक्षां त्यावरून ऐकलेले टोमणेच मुलीला अधिक काळ सलतात, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं विसरूं नये.